पिंपळटेपाची यादी

९ एप्रिल

आज अनुपमा मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लोटून घेतलं. दार लोटलं की समजायचं, काहीतरी शिजतंय. म्हणाल्या, "संजीवनी, बारा मेला पिंपळटेपावर गुरांच्या घटसर्पाच्या लसीचं शिबिर आहे. त्याआधी तुझी यादी पटकन उघडायला हवी आणि बरोबर असायला हवी. नाही जमलं तर पुण्याची एक तयार यंत्रणा मी बघून ठेवली आहे."

तयार यंत्रणा! सहा वर्षं मी या पोलादपूरच्या ऑफिसात बसून डोंगरावरच्या तीन हजार चारशे जनावरांची नोंद केली. महाडहून रोज एसटीने येऊन. संगणकाच्या क्लासमध्ये शिकवता शिकवता जे आलं त्याच्या जोरावर अख्खा डेटाबेस मी एकटीने उभा केला. आमची संस्था लहान आहे, कबूल. पण माझी यादी म्हणजे काय रद्दी आहे?

गेल्या वर्षी घोळ झाला, हेही कबूल. पिंपळटेपावर लॅपटॉपवर एक जनावर शोधायला चाळीस सेकंद लागत होते. लसीची फोडलेली बाटली दोन-तीन तासांत संपवायची असते. यादी उघडेपर्यंत बर्फ वितळला, बाटल्या टाकून द्याव्या लागल्या आणि आमच्या गुरांच्या डॉक्टरांना, डॉ. प्रितमना, आठवड्याने पुन्हा चढावं लागलं. त्यातही डोस कमी पडले. तिथली माणसं आयत्या वेळी जनावरं वाढवून सांगतात, त्याला मी काय करणार?

आणि पिंपळटेपावरच्या ठकूबाईंची चांदी. श्रावणात ती म्हैस घटसर्पाने गेली. डॉक्टरांनी दुसऱ्या फेरीत वरून मला फोन केला होता की ठकूबाई म्हणतात, हिला लस दिलेली नाही. मी त्यांचा मोबाइल नंबर टाकला, चांदी आली, समोर 'दिली' असं लिहिलेलं होतं. तेच मी सांगितलं. तेव्हापासून ठकूबाई भेटल्या की एकच पालुपद, "माझी वायली, त्याची वायली." वायली म्हणजे वेगळी. कशाची काय वेगळी, देव जाणे. म्हातारीने डूख धरलाय.

१२ एप्रिल, रविवार

जितेशला फोन केला. माझा धाकटा भाऊ, पुण्यात एका बँकेचे डेटाबेस सांभाळतो आणि त्याची घमेंडही सांभाळतो. त्याने माझं सगळं दुरून उघडून बघितलं. पाच मिनिटं नुसते तक्ते वरखाली केले. मग म्हणाला, "ताई, तू म्हशींचे फोटो तक्त्यातच भरलेस?"

"मग कुठे भरू? म्हशीचा फोटो म्हशीच्या नोंदीतच असणार ना?"

"अगं, एक नाव शोधायचं तरी ते बिचारं दरवेळी साडेतीन हजार फोटो ओलांडत जातं."

फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचे आणि तक्त्यात फक्त त्यांचा पत्ता लिहायचा, असं त्याचं म्हणणं. दिवसभर तेच केलं. आमचे हे, सुनील, दोनदा येऊन विचारून गेले, जेवायला मिळणार आहे का. शेवटी त्यांनीच पिठलं टाकलं. बरं झालं होतं, पण तोंडावर सांगितलं नाही, नाहीतर पुढच्या रविवारीही पिठलंच.

चाळीस सेकंदांचे अकरा झाले!

१५ एप्रिल

आज इंडेक्स लावला. पुस्तकाच्या मागे सूची असते ना, कुठला शब्द कुठल्या पानावर, तशीच. मी सहा वर्षं सूचीशिवाय पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायला लावत होते. 'वाडी' या रकान्यावर सूची केली आणि पिंपळटेप असं टाकलं. अकराचे तीन सेकंद झाले.

मी ऑफिसात टाळी वाजवली. डॉ. प्रितम दचकून बाहेर आले. त्यांना दाखवलं तर म्हणाले, "ताई, हे गेल्या वर्षी का नाही केलंत?" हा मुलगा गुणी आहे, पण कुठे काय बोलावं ते कळत नाही.

१८ एप्रिल

एका सूचीने इतकं झालं तर सगळ्यांवर करून टाकू, असा विचार केला आणि एकूण एक रकान्यावर इंडेक्स लावला. शिंगांच्या आकारावरसुद्धा. आता शोधणं झकास झालं, पण नवी नोंद टाकली की लॅपटॉप घुम्यासारखा बसून राहतो.

जितेश हसत सुटला. "ताई, एक ओळ लिहिली की चौतीस सूच्या सुधारायला लागतात त्याला. तू खरंच कुणाला शिंगांच्या आकारावरून शोधतेस का?"

नाही शोधत. एकतीस काढल्या, तीन ठेवल्या. याबद्दल सुनीलना काही सांगितलेलं नाही.

२१ एप्रिल

अजून एक चूक सापडली, आणि ही माझी मीच शोधली. यादी दाखवताना माझा प्रोग्राम आधी जनावरांची नावं मागायचा आणि मग एकेका जनावरासाठी परत जाऊन विचारायचा की हिला लस दिली का. साठ जनावरं तर साठ खेपा. एखाद्याने दुकानात जाऊन साखर आणावी, घरी यावं, परत चहापत्तीला जावं, तसलं. आता सगळं एकदाच विचारते. डोळ्याचं पातं लवायच्या आत यादी समोर येते.

अनुपमा मॅडमना दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "वेग झाला. आता बरोबर आहे का ते वर जाऊन बघून ये." ही बाई कधी 'शाब्बास' म्हणेल तर मी महाडच्या बाजारपेठेत पेढे वाटीन.

तरी आज मजेत आहे. येताना एसटीत खिडकी मिळाली.

२६ एप्रिल, रविवार

पिंपळटेपावर जाऊन आले. आंबेनळीच्या फाट्यावर एसटीने सोडलं, तिथून दीड तास चढ. गुडघे बोलत होते. वर नऊ घरं, सगळी गुरंवाली. वाऱ्याला करवंदांचा वास येत होता, दोन ओंजळी खाल्ल्या, जीभ जांभळी झाली.

मोजणी घरोघर केली. माझ्या यादीत एकसष्ट जनावरं. गोठ्यांत मोजली तर चौऱ्याऐंशी! हैबती म्हणून एक आहेत तिथे, पन्नाशीचे, वाडीतले शहाणे गृहस्थ. त्यांना म्हटलं, "हैबतीदादा, एवढी जनावरं एका वर्षात वाढली?"

"नाय म्याडम. तवा पन इतकीच व्हती."

तरी मी म्हटलं, नीट लिहून घेऊ. कानातले बिल्ले बघावेत तर निम्म्यांचे करवंदीच्या जाळीत तुटून गेलेले. माझ्या यादीत जनावराची ओळख म्हणजे मालकाचा मोबाइल नंबर आणि जनावराचं नाव. म्हणून प्रत्येक घरी नंबर विचारला. पहिल्या घरी हैबतींचा नंबर सांगितला, दुसऱ्या घरी तोच, तिसऱ्या घरीही तोच. मी चिडले. म्हटलं, तुमचा स्वतःचा सांगा ना. तर म्हणतात, "स्वताचा हाय, पन त्याला रेंज नाय. रेंज फकस्त हैबतीच्या अंगनात लागतो."

नावांचीही तीच तऱ्हा. कपाळावर पांढरा ठिपका असला की चांदी, भुरी असली की भोरी. एका वाडीत चार चांद्या आणि पाच भोऱ्या.

वर एका पारडीवरून वेगळाच गोंधळ. हैबती म्हणाले, ही माझ्या चांदीची, माझी. ठकूबाई म्हणाल्या, पोसते मी, माझी. मला वाटलं, एक जनावर दोघं सांगून डोस जास्त मागतायत. तर म्हणे अर्धेलीने दिलंय. म्हणजे जनावर एकाचं, पोसणार दुसरा, आणि हक्क निम्मा-निम्मा. अर्ध्या डोंगरावर असंच चालतं म्हणे. माझ्या यादीत मालकाला एकच रकाना. आता मी काय पारडीचे दोन तुकडे करून लिहू?

निघताना ठकूबाई दारात उभ्या होत्या. साठीच्या, काटक, कासोटा घातलेल्या. म्हणाल्या, "बाय, लिवलंस का? माझी वायली, त्याची वायली."

"लिहिलं हो ठकूमावशी," म्हटलं आणि उतरायला लागले. दर वेळी तेच ते!

२८ एप्रिल

आज ऑफिसात नुसती बसून राहिले. लिहावंसं वाटत नाही, पण लिहिलं नाही तर उद्या मी स्वतःलाच काहीतरी दुसरं सांगेन.

नऊ घरांचा नंबर एकच. चार चांद्या. माझ्या यादीत नंबर आणि नाव मिळून ओळख. म्हणजे दुसरी चांदी भरली की प्रोग्रामला वाटतं, पहिलीच आहे, आणि तो पहिलीवर दुसरी लिहून मोकळा होतो. तीस जनावरं अशी गडप झालेली. सात जनावरं अर्धेलीमुळे दोन घरांत दोन वेगळ्या नावांनी दोनदा आलेली. एकसष्ट आणि चौऱ्याऐंशीचा मेळ बरोब्बर बसला.

मग गेल्या वर्षीच्या मार्चमधली प्रत पेनड्राइव्हवर होती ती उघडली. त्यात: चांदी, मालक ठकूबाई, फोटोत एक शिंग खाली वळलेलं. एप्रिलची प्रत उघडली. चांदी, मालक हैबती, दोन्ही शिंगं सरळ.

लस हैबतींच्या चांदीला दिली होती. प्रितमना विचारलं, तर पहिल्या फेरीच्या दिवशी ठकूबाईंची चांदी वरच्या माळावर चरायला गेलेली. दुसऱ्या फेरीला ती दारात बांधून त्या थांबल्या होत्या, आणि मी इथून पंख्याखाली बसून सांगितलं, दिली आहे. मालकाचं नाव समोर होतं. मी वाचलंच नाही.

ती म्हैस माझ्यामुळे गेली.

२९ एप्रिल

काही नाही. डोकं दुखलं. सुनीलनी विचारलं, त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग आता जाऊन सांग." एवढंच. मला राग आला, कारण मलाही तेच वाटत होतं.

१ मे

सुट्टी असूनही अनुपमा मॅडमच्या घरी गेले आणि एका दमात सांगून टाकलं. म्हटलं, पुण्याची यंत्रणा घ्या, मी नोंदी भरत बसेन.

त्यांनी पाणी दिलं. मग म्हणाल्या, "पुण्याच्या यंत्रणेत काय ओळख धरतात विचारलं होतं मी. मोबाइल नंबर." रिकामा पेला माझ्या हातातून घेतला. "आमच्याकडे वर जाऊन जनावरं मोजणारी एकच आहे. अकरा दिवस आहेत तुझ्याकडे."

पेढे वाटावे लागणार बहुतेक.

६ मे

चार दिवस श्वास घ्यायला फुरसत नाही. प्रत्येक जनावराला आता यंत्रच एक क्रमांक देतं. तो कधी बदलत नाही, कधी दुसऱ्याला मिळत नाही. नाव बदलो, बिल्ला तुटो, फोन हैबतींचा असो की कुणाचा, जनावर तेच राहतं. माणसांचा तक्ता वेगळा, लसीचा वेगळा. आधी मी लस१, लस२, लस३ असे बारा रकाने पाडले होते आणि तेरावी लस आली तर काय, हा विचारच केला नव्हता. आता एक लस म्हणजे एक ओळ.

अर्धेलीसाठी मी दोन रकाने केले, मालक१ आणि मालक२. जितेशने लगेच टोकलं.

"तिसरा आला तर?"

"म्हशीला तिसरा मालक कुठून येणार? काहीही बोलतोस!"

"आत्ताच बाराच्या तेरा लसी झाल्या तर काय म्हणून रडत होतीस. हिस्सेदारांचा वेगळा तक्ता कर. एक हिस्सा, एक ओळ. मग दोन येवोत नाहीतर दहा."

"तुला डोंगरावरचं काय कळतंय? तिथे दोनच असतात."

"ताई, कर."

केलं. पण रागाने केलं. हिस्सा आण्यांत लिहायचा ठेवलाय, कारण वर सगळे आठ आणे, चार आणे असंच बोलतात. सोळा आणे म्हणजे अख्खं जनावर.

१० मे, रविवार

आज पुन्हा पिंपळटेप. या वेळी लॅपटॉप नेला नाही. वाटेत तीनदा थांबले, दमले म्हणून नव्हे.

ठकूबाई शेणाच्या गोवऱ्या थापत होत्या. मी उभ्यानेच बोलायला लागले. दोन चांद्या, एक नंबर, मी नाव वाचलं नाही, तुमची चांदी माझ्या चुकीने गेली. सत्तेचाळीस वर्षांची बाई मी, शेणाच्या पाटीसमोर उभी राहून रडत होते.

त्यांनी हात पुसले. "मला म्हायत व्हतं गो."

"कधीपासून?"

"तवाच. डाक्टरानं फोनवर ईचारला, तू सांगितलास दिली. मी बोलले, ती त्याची चांदी. माझी वायली, त्याची वायली. कोन आयकतो?"

"मग एवढं वर्ष मला नीट का नाही सांगितलंत?"

"सांगितला की! दर टायमाला सांगितला. तूच लिवून घेत नव्हतीस."

मी मटकन ओट्यावर बसले. खरंच की. एकदासुद्धा मी विचारलं नव्हतं की काय वेगळं, कुणापासून वेगळं. आणि इथे मात्र प्रत्येक वेळी लिहून ठेवलंय, म्हातारीने डूख धरलाय म्हणून. मागची पानं चाळली आणि लाज वाटली.

म्हटलं, मावशी, मी काय करू सांगा. भरून कसं देऊ? तर त्या जाम उखडल्या. "भरून देते म्हनं! चांदी काय तुझ्या पिशवीत हाय काय? चाय पी. नि परवा पेटी घेऊन येळेवर ये."

चहा दुधाचा होता, नुसत्या दुधाचा म्हटलं तरी चालेल. दोन कप प्यायले. उतरताना पाय हलके वाटत होते.

१२ मे

आज हातात पेन धरवत नाही इतकी दमलेय, पण लिहिणारच.

सकाळी नऊला आम्ही वर पोहोचलो. डॉ. प्रितम, मी, बर्फाची पेटी आणि नव्वद डोस. जनावरं कुडाच्या वाडग्यात, म्हणजे कुंपण घातलेल्या आवारात, आणलेली. मी दगडावर लॅपटॉप मांडला. हैबती मोठ्याने हाक द्यायचे, "चांदी!" आणि मी विचारायचे, "कुणाची?" चारही वेळा विचारलं. चौथ्यांदा सगळी वाडी माझ्या आधीच ओरडली, "कुनाची?" आणि हसत सुटली. मला काय, हसू देत. मी मालकाचं नाव वाचून, शिंगं बघून, मगच पुढे जात होते.

नाव टाकलं की ओळ हजर. डॉक्टरांना सुई भरायला वेळ लागत होता, मला नाही. सव्वा अकराला त्र्याऐंशी झाली होती. बर्फ अजून तसाच होता. प्रितम म्हणाले, "ताई, मी तुमच्यापेक्षा हळू निघालो." आज मुलाला कुठे काय बोलावं ते बरोबर कळलं.

शेवटी राहिली ती अर्धेलीची पारडी. कपाळावर पांढरा ठिपका, कान टवकारलेले. मी वाचून दाखवलं, "हैबती आठ आणे, ठकूबाई आठ आणे. बरोबर?"

"बरोबर," हैबती म्हणाले.

"नाय," ठकूबाई म्हणाल्या. "माझ्यातले चार आने काढ. तिसरा नाव लिव."

मी विचारलं, "कुणाचं?"

"तुझा."

मला आधी वाटलं चेष्टा करतायत. पण त्या हसत नव्हत्या. मी म्हटलं, "मावशी, मी महाडला दुसऱ्या मजल्यावर राहते. पारडी कुठे बांधू?"

"तू नको बांधू. पोसीन मी. तू लिव नीट." मग माझ्या लॅपटॉपकडे हनुवटीने दाखवून म्हणाल्या, "जनावर आपला असला का मानूस नाव वाचतो."

डोळ्यांत पाणी होतं आणि ते मी पुसलंही नाही. हिस्सेदारांच्या तक्त्यात ठकूबाईंचे आठचे चार केले. खाली नवी ओळ उघडली. कुठे काही अडलं नाही, एकही रकाना बदलावा लागला नाही. संजीवनी, चार आणे. आणे मिळून सोळा झाले आणि ओळ जाऊन बसली.

"पारडीचं नाव काय लिहू?" मी विचारलं. तो रकाना कोराच होता.

हैबतींनी तिच्या कपाळाकडे बघितलं. मग ठकूबाईंकडे बघितलं आणि चाचरत म्हणाले, "चांदी... पन चार हायत म्याडम. परत घोटाला व्हायचा."

"होत नाही आता," मी म्हटलं. "कितीही चांद्या येऊ देत."

ठकूबाईंनी पारडीची मान धरली, डॉक्टरांनी सुई दिली आणि मी तारीख टाकली. ती एवढीशी हंबरली आणि मग माझी ओढणी चघळायला लागली.

घरी आल्यावर सुनीलना सांगितलं की आपली एक म्हैस आहे. ते म्हणाले, किती? म्हटलं, चार आणे. त्यांनी विचारलं, चार आण्यांत शेपटी येते की तोंड? पुरुषांना मेलं गांभीर्यच नाही. ओढणीला भोक पडलंय, ती धुऊन तशीच ठेवणार आहे.

उद्या सकाळी पेढे घ्यायचे. आणि जितेशला फोन करून सांगायचं, तिसरा मालक आला.